दूर राहणाऱ्या मैत्रिणीला घरचा खाऊ पाठवायचाय: काय करावं, कसं बांधावं, सोबत काय लिहावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई ठाण्यात राहतात, शाळेपासूनची मैत्रीण नागपुरात. मैत्रिणीची नोकरी गेली, त्यातच आईचं आजारपण निघालं. फोन कधी उचलते, कधी नाही. ताईंना घरी काहीतरी करून पाठवावंसं वाटतं, सोबत हाताने केलेली एखादी वस्तूही द्यायची आहे. पण स्वयंपाक बेताचा येतो, शिवणकाम शाळेत शिकवलं तेवढंच, आणि धास्ती ही की मैत्रिणीला ती कीव वाटेल.

मी सांगलीत घरगुती फराळाची कामं घेते. दिवाळीत तर घेतेच, पण वर्षभर ‘माझ्या बहिणीला पाठवा’, ‘हॉस्टेलवरच्या मुलाला पाठवा’ अशी पार्सलंही बांधत असते. त्यामुळे काय टिकतं, काय फुटतं आणि कशाने समोरचं माणूस खरंच खातं, याचा अंदाज आला आहे. त्यावरून सांगते.

तुम्ही विचारलंय पदार्थाबद्दल, पण तुमची अडचण देण्याघेण्याची आहे. आपल्याकडे कुणाचा आलेला डबा रिकामा परत करत नाहीत. काहीच नसलं तर चमचाभर साखर तरी घालून देतात. रीत छान आहे. पण जी बाई सध्या औषधांच्या वेळा सांभाळताना मेटाकुटीला आलीय, तिच्या ओट्यावर तुमचा स्टीलचा डबा नुसता बसून राहतो. हा परत द्यायचाय, त्यात काहीतरी घालून द्यायचंय, त्याआधी फोन करायचाय. आणि फोन केला की सगळं सांगावं लागणार. म्हणून ती फोनच टाळते. तेव्हा डबा असा घ्या की परत करायचा प्रश्नच येणार नाही, आणि खाऊ इतकाच पाठवा की त्याच्या उपकाराचा भार वाटणार नाही. मोठं खोकं आलं की घर अडचणीत आहे हे सगळ्या मजल्याला कळतं. बारा-चौदा लाडवांची छोटी बरणी आली तर कुणीतरी आठवण काढली, एवढंच होतं. तुमची कीवेची भीती इथेच निम्मी संपते.

आता काही गोष्टी मला इथून ठरवता येणार नाहीत. पहिली म्हणजे तिच्या आईचं पथ्य. घरात एकीला चालत नाही आणि दुसरी समोर बसून खाते, असं सहसा होत नाही; डबा मग कपाटात जातो. मैत्रिणीला सरळ एका ओळीचा निरोप टाका: ‘काकूंना सध्या काय चालतं?’ याचं उत्तर एका शब्दात देता येतं, म्हणून ते बहुतेक येईलच. मधुमेह असेल तर ‘गुळाचं चालतं’ या भरवशावर जाऊ नका, रक्तातली साखर गुळानेही वाढते. मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर मीठ, डाळी, दाणे सगळ्यावरच बंधनं असू शकतात. अशा वेळी आईसाठी काही पाठवू नका, फक्त मैत्रिणीसाठी पाठवा आणि तसं लिहा.

दुसरी गोष्ट ऋतूची. नागपूरचा मे म्हणजे पारा ४५ अंशांच्या आसपास, आणि पार्सल गोदामात, ट्रकमध्ये पडून राहणार. त्या उन्हात तूप पातळ होतं, बेसनाचे लाडू बसके होऊन एकमेकांना चिकटतात आणि उघडल्यावर एकच ढेप हाती येते. पावसाळ्यात उलटा त्रास: चिवडा सादळतो, गुळाची चिक्की हवेतलं पाणी ओढून चिकट होते. थंडीत मात्र काहीही पाठवा. डिंकाचे, मेथीचे, तिळाचे लाडू खरे तेव्हाचेच.

टिकण्याचं गणित एकाच गोष्टीभोवती फिरतं, ते म्हणजे पाणी. पदार्थात ओल राहिली की बुरशी येणार. ओल्या नारळाच्या वड्या, पाकातले रवा-नारळ लाडू, आळिवाचे लाडू हे सगळे सुरेख, पण चार-पाच दिवसांचे पाहुणे, तेही थंड जागी ठेवले तर. शेजारच्या गल्लीत न्यायचे असतील तर जरूर करा, ठाण्याहून नागपूरला नको. ओल नसलेल्या, तुपातल्या किंवा कोरड्या भाजलेल्या पदार्थांना बुरशीची भीती कमी, त्यांचा शत्रू वेगळा: ते खवट होतात. शेंगदाणे, सुकं खोबरं, तीळ यांच्यातलं तेल हवा आणि उष्णतेने बिघडतं. म्हणून दुकानातून आणलेला दाणा आधी चावून बघायचा. मूठभर खवट दाण्यांनी अख्खा घाणा वाया जातो, आणि वेलची कितीही घातली तरी तो वास झाकत नाही.

तुमचा हात बेताचा आहे म्हणता, तर सुरुवात दाण्याच्या लाडवांनी करा. पाक नाही, तार नाही, चुकायला जागा कमी. २ वाट्या शेंगदाणे, १ वाटी बारीक चिरलेला मऊ गूळ, १ चमचा तूप, वेलची. दाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दहा-बारा मिनिटं भाजा, सतत हलवत. सालावर तपकिरी ठिपके दिसायला लागले की एक दाणा फोडून बघा, आतून फिकट बदामी हवा. गॅस बंद केल्यावरही तापलेल्या कढईत ते भाजतच राहतात, म्हणून लगेच परातीत ओता. पूर्ण गार झाल्यावर हाताने चोळून सालं पाखडा. आता महत्त्वाचं: मिक्सर एकदम फिरवायचा नाही. थांबत थांबत, एकेका झटक्याने. आधी जाडसर कूट होतो. मग गूळ, तूप, वेलची घालून आणखी चार-पाच झटके दिले की कूट भांड्याच्या कडेला चिकटायला लागतो, बोटाने दाबला तर ठसा तसाच राहतो. तिथे थांबा. त्यापुढे गेलात तर तेल सुटून लगदा होईल. मिक्सरने कूट कोमट झालेला असतानाच लिंबाएवढे लाडू घट्ट वळा. कोरड्या बरणीत दहा-पंधरा दिवस आरामात राहतात आणि प्रवासात सहसा फुटत नाहीत.

दुसऱ्या खेपेला बेसनाचे करा. त्याला धीर लागतो, कौशल्य फारसं नाही. जाडसर बेसन २ वाट्या, तूप पाऊण वाटी, पिठीसाखर दीड वाटी. मंद आचेवर भाजताना आधी पीठ कोरडं, गोळ्यागोळ्यांचं दिसतं आणि ढवळायला जड जातं. बऱ्याच जणी इथेच घाबरून तूप वाढवतात. वाढवू नका. वीसेक मिनिटांनी तेच पीठ तूप सोडायला लागतं, उलथनं हलकं होतं आणि स्वयंपाकघरभर खमंग वास सुटतो. मग दुधाचा एक हबका मारायचा. फसफसून फेस येतो आणि लाडू रवाळ होतात. फेस पूर्ण बसेपर्यंत परतायचं, म्हणजे दुधातलं पाणी उडून जातं. साखर मात्र पीठ कोमट झाल्यावरच घाला. गरम पिठात घातली तर ती विरघळते आणि लाडू वळायला बसत नाहीत, थापून वड्या कराव्या लागतात. (त्याही छान लागतात, पण आपण लाडू करायला बसलो होतो.)

शंकरपाळ्यांचं जुनं माप ठाऊक असेलच: वाटी तूप, वाटी दूध, वाटी साखर, मावेल तेवढा मैदा. मंद तळा, महिनाभर बघायला नको. उन्हाळ्यात पाठवायला हेच बरे.

पण मला विचाराल तर या मैत्रिणीला गोडाबरोबर मेतकूट पाठवा. आजारी माणसाचं करणारी बाई आईसाठी सगळं वेळेवर करते, आणि स्वतः चहा-बिस्किटांवर राहते. तिला खाऊपेक्षा जेवणाची आठवण करून द्यायला हवी. मेतकूट असलं की कुकरला मऊ भात लावायचा, वर तूप, मीठ, दोन चमचे मेतकूट, झालं जेवण. १ वाटी हरभरा डाळ, अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी उडीद डाळ, पाव वाटी गहू, चमचा-चमचा धणे-जिरे, अर्धा चमचा मेथ्या. प्रत्येक जिन्नस वेगळा कोरडा भाजा, कारण गव्हाला वेळ लागतो आणि मेथ्या क्षणात करपून कडू होतात. हळद, हिंग आणि थोडी सुंठ घालून अगदी बारीक दळा, चाळा. घट्ट झाकणाच्या बरणीत महिना-दोन महिने वास टिकतो. वजनाला हलकं, उन्हापावसाला न घाबरणारं, आणि दिसायला इतकं साधं की त्याचे कुणी उपकार मानत बसत नाही.

बांधणीत घाई करू नका. कोमट लाडू डब्यात भरला की झाकणाला आतून वाफेचे थेंब धरतात आणि तेच थेंब तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुरशी होतात. रात्री केलेलं सकाळी भरा. बरणी प्लॅस्टिकची, रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची, काच नको. लाडवांच्या थरांमध्ये बटर पेपर ठेवा. वर्तमानपत्राचा कागद खाण्याला लागू देऊ नका, छपाईची शाई खाद्यपदार्थात उतरते. अन्नसुरक्षा बघणाऱ्या एफएसएसएआय या सरकारी संस्थेनेही वर्तमानपत्रात खाणं बांधू नका असं वेळोवेळी सांगितलं आहे. बाहेरची पोकळी भरायला मात्र वर्तमानपत्राचे बोळे चालतात. बरणी गळ्यापर्यंत भरलेली हवी. झाकण लावल्यावर कानाशी धरून हलवा, आतून टकटक आली तर परत उघडा आणि वर कागदाची घडी बसवा. मग पुठ्ठ्याचं खोकं, सगळ्या बाजूंनी बोळे, चिकटपट्टी. आणि पार्सल सोमवारी-मंगळवारी टाका. शुक्रवारी टाकलेलं रविवारभर कुठेतरी पडून राहतं.

हाताने केलेल्या वस्तूचं सांगते. खूप जणी या निमित्ताने काहीतरी भव्य करायला घेतात आणि ते महिनोन्‌महिने अर्धवट राहतं. तुम्ही बटवा शिवा. जुन्या सुती साडीचा पदर किंवा काठ असलेला तुकडा घ्या, ९ इंच रुंद, २४ इंच लांब. उलट बाजू वर येईल असा मधोमध दुमडला की ९ बाय १२ ची पिशवी दिसते. दोन्ही बाजू शिवा, पण वरचे तीन-तीन इंच मोकळे सोडा. त्या मोकळ्या कडा आत दुमडून टीप घाला, नाहीतर दोरा ओढताना सुतं निघत राहतील. आता वरच्या दोन्ही कडा दीड-दीड इंच आत दुमडून नेफा करा. दोन नाड्या लागतात. एक उजवीकडून घालून दोन्ही नेफ्यांतून फिरवून उजवीकडेच काढायची आणि गाठ मारायची; दुसरी तशीच डावीकडून. दोन्हीकडे ओढलं की तोंड घट्ट मिटतं. एकच नाडी घातली तर तोंड एका बाजूला गोळा होतं आणि बटवा तिरका लोंबतो. मशीन नसेल तर हाताने धावदोरा घाला, टाके जवळजवळ. खणाचं कापड सुंदर दिसतं पण कडेने भराभर सुटतं, तेव्हा पहिल्यांदा सुतीच बरं. बरणी त्यात बसते, आणि लाडू संपल्यावर तिला त्यात काकूंच्या गोळ्यांची पाकिटं ठेवता येतात.

शिवण नकोच असेल तर कॅलेंडरच्या उलटलेल्या महिन्याच्या पानाचं पाकीट करा. कागद जाड असतो, घडी छान बसते. ते चिठ्ठीसाठी. डिंक नसेल तर चमचाभर मैदा पाण्यात शिजवून खळ करा, पूर्वी आकाशकंदिलाला लावायची तीच. मात्र कीड लागू नये म्हणून तेव्हा खळीत मोरचूद घालत. तो विषारी असतो, खाऊच्या आसपासही नको.

काही जणी क्रोशाची सुई आणि लोकरीचे गुंडे पाठवतात, ‘मन रमेल’ म्हणून. मला ते पटत नाही. तिने स्वतः मागितलं तर गोष्ट वेगळी. न मागता आलेली लोकर म्हणजे अंगावर पडलेलं आणखी एक काम, आणि ते झालं नाही की त्याचीही टोचणी.

आता चिठ्ठी. इथे माझं मत जरा ठाम आहे, कारण लोकांनी दिलेल्या चिठ्ठ्या मीच बरणीवर चिकटवते आणि उघड्या असतात म्हणून वाचल्याही जातात. ‘खंबीर राहा’, ‘हेही दिवस जातील’, ‘सकारात्मक विचार कर’ ही वाक्यं आपण आपल्याला बरं वाटावं म्हणून लिहितो. जिला लिहितो तिला त्यातून एवढंच कळतं की आता रडायचीही सोय नाही. ‘काही लागलं तर सांग’ हेही तसंच. काय लागतंय ते शोधून, संकोच सोडून, मागायचं काम तिच्याच गळ्यात. त्याऐवजी तिच्याबद्दलची एक खरी आठवण लिहा, तुमच्या आजच्या दिवसातली एक फालतू गोष्ट लिहा, आणि उत्तराची सक्ती काढून टाका. म्हणजे असं: ‘काल रिक्षावाल्याने सुट्टे नाहीत म्हटलं आणि तू आठवलीस, पाच रुपयांसाठी चौकात उभी राहून भांडणारी. मी नुसती उतरले. लाडू माझ्या हातचे आहेत, पहिला घाणा, दोन जरा ओबडधोबड आहेत ते आधी संपव. बरणी परत नको. गुरुवारी रात्री नऊला फोन करते, उचलावासा वाटला नाही तर राहू दे.’ एवढं पुरे. आणि गुरुवारी नऊला खरंच करा. तिने उचलला नाही तरी पुढच्या गुरुवारी परत करा, तक्रार न करता.

पार्सलांच्या मधल्या काळात पोस्टकार्ड टाका. हसू नका, अजूनही ५० पैशांना मिळतं. आपल्या देशात ते १८७९ पासून आहे आणि त्यात एक मोठी सोय आहे: जागा कमी, त्यामुळे उपदेश मावत नाही. मोबाइलवर निळी खूण दिसते आणि उत्तर दिलं नाही म्हणून अपराधी वाटतं. पोस्टकार्डाला ती भानगड नाही. चार ओळी, एखादं वेडंवाकडं चित्र, पत्ता. पिनकोड विसरू नका.

किती वेळा, तर तीन-चार आठवड्यांनी एकदा, थोडं थोडं. अडचण आली की पहिल्या पंधरवड्यात घर माणसांनी आणि डब्यांनी भरून जातं, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बेलही वाजत नाही. तुमच्या मैत्रिणीचे ते बेल न वाजण्याचे दिवस चालू आहेत असं प्रश्नावरून दिसतंय. म्हणून एकदाच दोन किलो फराळ पाठवण्यापेक्षा पाव-अर्धा किलोच्या चार खेपा करा. क्रम हवा असेल तर: आधी पथ्याचा निरोप, मग दाण्याचे लाडू आणि मेतकूट बटव्यात घालून, मध्ये एक-दोन पोस्टकार्डं, मग ऋतू बघून बेसनाचे लाडू किंवा शंकरपाळे.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ती बरेच दिवस जेवत नसेल, झोपत नसेल, किंवा बोलण्यात ‘जगून काय करू’ असं काही आलं, तर लाडू बाजूला ठेवा. त्याच दिवशी नागपुरातल्या तिच्या कुणा जवळच्याला तिच्याकडे पाठवा आणि डॉक्टरांपर्यंत न्या. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. तुम्ही स्वतःही तिथे विचारू शकता.

तसं काही नसेल, तर दोन-तीन खेपांनंतर ती आपणहून बोलायला लागेल. तेव्हा तिच्याकडे काहीतरी मागा. नागपूरकडच्या बाईला गोळाभात किंवा पुडाची वडी विचारली की ती सांगितल्याशिवाय राहायची नाही, आणि काकूंना विचारलंत तर त्या पडल्या पडल्या तिच्या मापातल्या चुका काढतील. कृती नीट लिहून घ्या, करा, फसली तर फोटो पाठवा. आणि कधी तिकडून सांबारवडीचा, म्हणजे त्याच पुडाच्या वडीचा, डबा आलाच तर ‘अगं, कशाला त्रास घेतलास’ म्हणू नका. खा. मीठ कमी पडलं असेल तर तेही सांगा.